क्लिफचा हात

मेबलथॉर्प
२ सप्टेंबर १९९७

प्रिय बेरिल,

काय डक, बरी आहेस ना? काल नेव्हिल तुझ्या क्लिफच्या पेट्या घेऊन आला. आपल्या शिशाच्या शिपायांच्या क्लबचा सेक्रेटरी झाल्यापासून त्या माणसाला बूड टेकायला वेळ नसतो. पेट्या दारात ठेवल्या, समुद्राच्या वाऱ्याला दोन शिव्या हासडल्या आणि चहा न घेताच नॉटिंगहॅमला परत गेला.

पहिली पेटी उघडली आणि मी खुर्ची ओढून बसलोच. इंग्लंडच्या यादवी युद्धातली, मार्स्टन मूरच्या लढाईतली पांढऱ्या कोटांची पलटण! अंगठ्याच्या पेराएवढा एकेक शिशाचा शिपाई, पण कोटाची घडी न् घडी कापडाची वाटते. पांढरा रंग भल्याभल्यांना रडवतो. क्लिफ आधी राखाडी हात द्यायचा, मग हाडाच्या रंगाचा, मग फक्त कडांवर पांढरा. आणि डोळे! 'टेबलावरची लढाई हातभर लांबून बघतात, डोळे दिसतात कुणाला,' असं म्हणत या माणसाने जन्मभर डोळे टाळले. शेवटच्या तीन वर्षांत मात्र त्याच्या शिपायांना नजर आली. तेव्हाच मी त्याला लिहिलं होतं की म्हातारपणी तुला अक्कल फुटली. मे महिन्यात त्याला मातीआड करून आलो तेव्हा रडलो नाही, काल रडलो.

क्लबच्या प्रदर्शनात क्लिफचं वेगळं टेबल मांडायचं ठरलंय, हे तुला नेव्हिलने सांगितलं असेल. फलक मी लिहिलाय: 'क्लिफर्ड विडोसन यांच्या हातची शेवटची पलटण'. बरा वाटतो ना?

आता एक नाजूक गोष्ट. पलटणीची मागची रांग क्लिफच्या हातची नाही. पांढरा रंग डबीतून काढून थेट फासलाय, चुना लावल्यासारखा. पट्टे कोटावर ओघळलेत. एकाची मिशी तर कानापर्यंत गेलीय. क्लिफचा हात मी झोपेतही ओळखीन, बेरिल. शेवटी शेवटी तू त्याला मदत केलीस, हो ना? वाईट वाटून घेऊ नकोस, तू मन लावूनच केलं असशील. पण हे ध्यान टेबलावर मांडलं तर लोक क्लिफला हसतील. म्हणून ती सगळी रांग मी डेटॉलमध्ये बुडवून ठेवलीय. रंग सुटला की अस्तराचा हात देतो आणि क्लिफच्या पद्धतीने नव्याने रंगवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.

चहाचं तू बघशीलच नेहमीसारखं. कॉब पाव जरा जास्त सांगून ठेव, गेल्या वर्षी दुपारीच संपले.

तुझा,
डेस्मंड


बुलवेल, नॉटिंगहॅम
४ सप्टेंबर

डेस्मंड,

ते शिपाई डेटॉलमधून बाहेर काढ. हे पत्र खाली ठेवायच्या आधी काढ.

सकाळपासून तुला फोन करतेय. मी ओरडून 'बेरिल, बेरिल' म्हणते, आणि तू 'बॅरल नकोय आम्हाला' म्हणून ठेवून देतोस. कानाचं यंत्र काय ड्रॉवरमध्ये ठेवायला घेतलंयस?

कुणी सांगितलं होतं तुला हे उपद्व्याप करायला? पेट्या मी टेबलावर मांडायला दिल्या होत्या, घासायला नाही. मागची रांग आहे तशी मागच्या रांगेत उभी राहायला हवी. मिशी कानापर्यंत असो नाहीतर गुडघ्यापर्यंत. त्यातला एकही शिपाई बदलायचा नाही, सुधारायचा नाही, तुझ्या त्या दिव्य ब्रशने त्याला शिवायचंसुद्धा नाही.

का, ते विचारू नकोस. मला सांगता येत नाही. तू एवढा जाणकार, तू पुन्हा एकदा नीट बघायचंस, एवढंच सांगते.

आणि मला डक म्हणू नकोस. डक काय, आपल्याकडे बसच्या कंडक्टरलाही म्हणतात.

बेरिल


मेबलथॉर्प
७ सप्टेंबर

बेरिल,

तुझं पत्र पोचलं तेव्हा काम उरकलं होतं. जुन्या टूथब्रशने घासलं, रंग सालीसारखा निघाला. पाण्याने धुवायची चूक मी करत नाही, पाणी लागलं की डेटॉलमधल्या रंगाचं डांबर होतं. पुन्हा डेटॉलमध्येच विसळले. शिसं साच्यातून आज काढल्यासारखं लखलखतंय. काल अस्तर दिलं आणि आज राखाडी हातही वाळला. तेव्हा आता बाहेर काढायला काही उरलेलं नाही.

तुला राग का आलाय ते मला कळतं. आपल्या हातचं कुणी पुसलं की झोंबतंच. पण जरा समजून घे. ते कोट न रंगवलेल्या लोकरीचे होते, चुन्याचे नव्हते. नवशिक्याचा पांढरा असाच होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुझी एवढी हौस असेल तर एक शिपाई तू परत रंगव. मी तो सामानाच्या गाडीमागे उभा करीन, आणि कुणी विचारलं तर तुझं नावही सांगीन. झालं समाधान?

आणि रागाचंच म्हणशील तर तो मलाही येतो, बाई. मी आजवर बोललो नाही एवढंच. तीन वर्षं क्लिफने मला घरात घेतलं नाही. गूस फेअरच्या जत्रेला मी मुद्दाम आलो होतो. म्हटलं, दोघं जाऊ, लहानपणासारखे पुदिना घातलेले वाटाणे खाऊ. दार तू उघडलंस आणि म्हणालीस, झोपलाय. आतून त्याचा खोकला मला ऐकू आला. हो, तेव्हा मला ऐकू येत होतं. पत्रं यायची ती तुझ्या अक्षरात. म्हणे त्याचे डोळे थकतात. थकतात? ज्याचे डोळे थकलेत तो शिपायाच्या बुबुळात पांढरा ठिपका देतो? मी खुळा आहे, पण इतका नाही. त्याला मी नको होतो. शाळेपासूनचा दोस्त, तुमच्या लग्नात मी अंगठी सांभाळली होती. मी त्याचं काय घोडं मारलं होतं, ते त्याने एकदा तरी सांगायला हवं होतं.

तरीही त्याचं टेबल मीच मांडतोय. हे लक्षात ठेव.

डेस्मंड


बुलवेल
१० सप्टेंबर

डेस्मंड,

ठीक आहे. मी शपथ मोडते. शपथ घालणारा गेला आणि ज्याच्यासाठी घातली ते तू डेटॉलमध्ये घासून टाकलंस. आता ती पाळून कुणाचं भलं होणार आहे?

तू ज्या रांगांपुढे खुर्ची ओढून रडलास, त्या माझ्या हातच्या आहेत. राखाडीवर हाड, हाडावर पांढरा, सगळं मी केलंय. तीन वर्षांत क्लिफने त्या रांगांना ब्रश लावलेला नाही. कारण त्याला ब्रश धरता येत नव्हता. त्याला पार्किन्सन झाला होता. आधी उजवा हात गेला, मग डावा कापायला लागला. चहाचा कप मी धरायचे. शर्टाची बटणं मी लावायचे. पुरताना मी तुला हृदयाचं सांगितलं. बंद पडलं ते हृदयच, तेवढं खरं होतं.

तुला सांगायचं नाही, ही त्याची अट होती. तुलाच, बाकी कुणाला कळलं असतं तरी त्याचं फारसं बिघडत नव्हतं. जन्मभर तू त्याच्या हाताचे गोडवे गायलेस. 'हात बघून तो येडा रडायला लागेल आणि मलाच त्याचे डोळे पुसावे लागतील,' म्हणायचा. तू दारात उभा होतास तेव्हा तो आत उशीत तोंड खुपसून खोकला दाबत होता. तू निघालास तेव्हा मला म्हणाला, 'पडदा ओढू नकोस, जाताना तरी दिसू दे.' खिडकीतून तू वळेपर्यंत बघत बसला. आणि तू म्हणतोस, त्याला मी नको होतो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसायचो. तो सांगायचा, मी करायचे. 'कोपरावर अजून एक हात. पातळ. बास. आता श्वास सोड.' लग्नाआधीपासून मी लेसच्या कारखान्यात जाळीतली भोकं सांधत आले, डेस्मंड. सुईच्या टोकाएवढी जागा मला नवी नाही. तुला कधी विचारावंसं वाटलं नाही, कारण तुझ्या लेखी मी म्हणजे चहाचं पिंप. आणि डोळे माझे आहेत. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, इतके आंधळे पुरुष मला घरात नकोत. मग हसला आणि म्हणाला, काढ.

गेल्या वर्षी प्रदर्शनात क्लिफच्या नावावर चषक मिळाला तेव्हा तू त्याला लिहिलंस की अखेर तुझ्या हाताला न्याय मिळाला. ते पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. माझ्या हाताची तारीफ मी मोठ्याने वाचत होते, आणि तो आपल्या हातांकडे बघत होता. हे तुला कळायला हवं.

आता मागच्या रांगेचं ऐक. गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, शेवटची रांग मी रंगवणार, तू हात लावायचा नाहीस. गाऊनच्या नाडीने मी त्याचं मनगट टेबलाच्या कडेला बांधायचे, म्हणजे फक्त बोटं हलायची. शिपाई बाटलीच्या बुचावर चिकटवलेला. रंग पातळ करायला गेला की सांडायचा, म्हणून डबीतूनच घ्यायचा. तुझा तो चुना. एकेका शिपायाला दिवसचे दिवस. वैतागायचा, शिव्या द्यायचा, एकदा ब्रश दाताने चावून तोडला. मिशी कानापर्यंत गेली तेव्हा मात्र इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, 'अगं हा तर डेस. समुद्राच्या वाऱ्यात असाच दिसत असेल.' मग तो त्याने तसाच ठेवला.

रांग पुरी झाल्यावर म्हणाला, 'हे मागे उभे कर. डेसला काही सांगू नकोस. तो माझा हात ओळखेल.'

म्हणून मी पेट्या न बोलता पाठवल्या. म्हणून तुला लिहिलं, पुन्हा नीट बघ. तो ओळखेल म्हणाला होता, आणि मी मूर्खासारखी वाट बघत बसले. तू ओळखलंस ते काय, तर माझा हात. त्याचा हात तू टूथब्रशने घासलास.

बेरिल


मेबलथॉर्प
१६ सप्टेंबर

बेरिल,

हे पत्र मी बऱ्याचदा लिहिलं आणि फाडलं.

त्याने म्हणे ठरवलं, मी ओळखेन. कसं ओळखणार? मी काय ज्योतिषी आहे? नाडीने बांधलेलं मनगट मला मेबलथॉर्पवरून दिसणार होतं? दोघांनी मिळून तीन वर्षं मला दाराबाहेर उभं केलंत, आणि मग परीक्षा घेतलीत, तीही न सांगता. एक शब्द, बेरिल. पेटीत एक चिठ्ठी टाकायला काय जात होतं तुझं? 'हे क्लिफचे आहेत.' मी त्यांना काचेत ठेवलं असतं. त्याच्या अटी त्याच्यापाशी, पण तो मे महिन्यात गेला होता. जिवंत तू होतीस. यात अर्धा वाटा तुझा आहे, आणि तो मी माझ्या डोक्यावर घेणार नाही.

आणि माझी पत्रं! तुझ्या हातच्या कामाला मी 'क्लिफ, क्लिफ' करत लिहीत होतो, आणि तू ती बसून वाचत होतीस. किती हसला असाल.

नाही. हसला नसाल. हे खोडत नाही, राहू दे.

झालं ते झालं. रांग मी पुरी केलीय. उत्तम झालीय, पुढच्या रांगांत मिसळून जाते, तुलासुद्धा ओळखू येणार नाही. फक्त त्या मिशीवाल्याचं जमत नाही. मी तशीच मिशी काढायला बघितली. डाव्या हाताने काढली, डोळे मिटून काढली. ती मुद्दाम वाकडी काढल्यासारखी दिसते. शेवटी पुसून सरळ काढली.

माझं ऐक. फलक नेव्हिलकडे गेलाय, तो तसाच राहू दे. 'क्लिफर्ड विडोसन यांच्या हातची शेवटची पलटण.' त्याने दुखणं लपवलं ते काही उगाच नाही. त्याचं नाव राहू दे. चषकावरही तेच नाव आहे, आता ते खोडायचं का? हे तुझ्या-माझ्यात राहील. तुला हवं तर खाली बारीक अक्षरांत 'साहाय्य: बेरिल' लिहितो. क्लिफची लाज राखायची तर याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

डेस्मंड


बुलवेल
१९ सप्टेंबर

डेस्मंड,

माझा अर्धा वाटा मी घेते. चिठ्ठी टाकायला हवी होती. ते मी रोज स्वतःला सुनावते, त्यासाठी मला तुझी गरज नाही. आता तुझा अर्धा ऐक.

लाज कुणाची राखतोयस? क्लिफला त्या रांगेची लाज नव्हती. लाज असती तर त्याने ती टेबलावर मांडायला सांगितली नसती. त्याला तुझ्यापासून हात लपवायचा होता तो जिवंत असेपर्यंत, कारण तुझं ते रडकं तोंड त्याला सोसलं नसतं. मेल्यावर तो तुला दाखवायचा होता. लाज वाटतेय ती तुला. झोपेतही ओळखीन म्हणणारा तू, आणि जागेपणी ओळखलं नाहीस. हे क्लबात कुणाला कळू नये म्हणून तू माझ्या नवऱ्याच्या नावाआड लपतोयस. साहाय्य बेरिल! तुझी बारीक अक्षरं घाल चुलीत.

कालच मी नेव्हिलकडे गेले होते. त्याला सगळं सांगितलं. बिचारा घामाघूम झाला, पण ऐकून घेतलं. तुझा फलक मी परत आणलाय. नवा मी लिहिला. पुढच्या रांगा बेरिल विडोसनच्या हातच्या. मागची रांग क्लिफर्ड विडोसनच्या हातची, ती डेस्मंड टाउलने धुतली. चषकाचं काय करायचं ते क्लबने ठरवावं. चहाचंही क्लबने ठरवावं, मी त्या पिंपाकडे फिरकणार नाही.

तू रंगवलेली रांग पुन्हा डेटॉलमध्ये घाल. सगळी. उत्तम झाली असेल, तरी घाल. माझा हात बघून तू क्लिफचा म्हणून गिरवलास, त्या नकलेमागे मला माझा नवरा उभा करायचा नाही. अस्तरसुद्धा ठेवू नकोस. नुसतं शिसं आण. ते मागच्या रांगेत तसेच उघडे उभे राहतील. त्यांच्यावर आता कुणाचाच हात नको.

आणि टेबलामागे तू उभा राहायचंस. दारं उघडल्यापासून बंद होईपर्यंत. लोक येतील आणि विचारतील, पुढचे एवढे देखणे आणि मागचे हे असे का? काय झालं ते तू सांगायचंस. मग ते विचारतील, ते कसे होते?

तेही तूच सांगायचंस. कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. त्या हिवाळ्यात मी क्लिफच्या शेजारीच बसले होते, पण मी त्याच्या मनगटाकडे बघत होते, तोंडाकडे बघत होते, शिपायांकडे माझं लक्षच नव्हतं. मिशीवाला सोडला तर मला एकही धड आठवत नाही. काल बसून आठवायचा प्रयत्न केला, नाही आठवले. तू मात्र चुका काढायला म्हणून एकेक उचलून उजेडात धरून बघितलास. चुना कुठे जाड बसला होता, पट्टा कुणाचा ओघळला होता, कुणाच्या टोपीचा रंग कपाळावर आला होता, सगळं तुला माहीत आहे. जगात आता फक्त तुला माहीत आहे.

मी टेबलासमोर खुर्ची टाकून बसणार आहे. पहिल्यापासून सुरुवात कर, आणि एकही गाळू नकोस.

बेरिल